वाळूतले इंजिन आणि तळघरातली मोटार

विसाव्या शतकात दोन मोटारी जमिनीत पुरल्या गेल्या. एक वेल्समधल्या समुद्रकिनाऱ्यावर, वाळूत, १९२७ साली. दुसरी अमेरिकेतल्या टल्सा शहरात, १९५७ साली. पहिली पुरली ती पुन्हा कुणाच्या नजरेस पडू नये म्हणून. दुसरी पुरली ती पन्नास वर्षांनी जशीच्या तशी बाहेर काढता यावी म्हणून. पहिलीला वाळूखेरीज कसलाच आडोसा नव्हता. दुसरीसाठी काँक्रीटचे भक्कम तळघर बांधले होते. पुढे दोन्ही मोटारी बाहेर निघाल्या. त्यांपैकी एकीचे इंजिन पुन्हा धडधडू लागले, दुसरीचे कधीच सुरू झाले नाही.

सुरू झाले ते कोणते? वर्गात हा प्रश्न विचारून पाहा. बहुतेक जण तळघरातल्या मोटारीच्या बाजूने कौल देतील. प्रत्यक्षात घडले ते नेमके उलटे. असे का झाले, हे समजून घेताना गंजाचे रसायनशास्त्र, यंत्रांची रचना आणि थोडा इतिहास असे सगळेच हाताशी घ्यावे लागते.

सत्तावीस लिटरचे इंजिन

पहिल्या मोटारीचे नाव ‘बॅब्ज’. ती बनवली काउंट लुई झ्बोरोव्स्की या हौशी, श्रीमंत मोटार-शर्यतपटूने. तिच्यात मोटारीचे नव्हे, तर विमानाचे इंजिन बसवले होते. पहिल्या महायुद्धात अमेरिकेने १९१७ साली घाईघाईने आखलेले हे ‘लिबर्टी’ इंजिन. त्याला व्ही या इंग्रजी अक्षराच्या आकारात मांडलेले बारा सिलिंडर होते. प्रत्येक सिलिंडरचा आतला व्यास ५ इंच (१२.७ सेंमी) आणि पिस्टनचा प्रवास ७ इंच (१७.८ सेंमी). वृत्तचितीच्या घनफळाचे सूत्र वापरून मुलांना हिशेब करू द्या. एका सिलिंडरचे घनफळ सुमारे २२५० घनसेंमी येते, बारांचे मिळून २७ लिटर. आपल्याकडच्या मारुती ८००चे इंजिन ०.८ लिटरचे होते. म्हणजे त्याच्या चौतीसपट!

१९२४ साली इटलीतल्या मोंझा येथील शर्यतीत झ्बोरोव्स्की मरण पावला. त्याची ही गाडी जे. जी. पॅरी टॉमस या वेल्श इंजिनियरने १२५ पौंडांना विकत घेतली. टॉमस हा लेलँड कंपनीचा माजी मुख्य अभियंता. त्याने इंजिनात स्वतः आखलेले पिस्टन घातले, चार कार्ब्युरेटर बसवले. वेल्समध्ये पेंडाइन येथे सुमारे सात मैल लांबीचा सपाट, घट्ट वाळूचा किनारा आहे. तिथे एप्रिल १९२६ मध्ये त्याने ताशी १७१ मैल (२७५ किमी) वेग गाठून जमिनीवरच्या वेगाचा जागतिक विक्रम केला. फेब्रुवारी १९२७ मध्ये माल्कम कॅम्पबेल याने त्याच किनाऱ्यावर हा विक्रम मोडला. तो परत मिळवण्यासाठी टॉमस ३ मार्च १९२७ रोजी पुन्हा बॅब्जमध्ये बसला. भर वेगात गाडीला अपघात झाला आणि टॉमस जागीच ठार झाला.

चौकशी संपल्यावर गाडीच्या गाद्या फाडण्यात आल्या, तबकड्यांच्या काचा फोडण्यात आल्या आणि बॅब्जला किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकड्यांत पुरण्यात आले. हे जतन नव्हते, हा दफनविधी होता.

पन्नास वर्षांची ठेव

टल्साची गोष्ट याच्या अगदी उलट, आनंदाच्या प्रसंगाची. १९५७ मध्ये ओक्लाहोमा राज्याच्या स्थापनेला पन्नास वर्षे झाली. त्या निमित्ताने टल्साच्या नागरिकांनी १५ जून १९५७ रोजी ‘प्लिमथ बेल्व्हेडिअर’ ही कोरी करकरीत मोटार न्यायालयासमोरच्या हिरवळीखाली, काँक्रीटच्या तळघरात ठेवली. ती २००७ साली उघडायची होती. टल्साची लोकसंख्या तेव्हा किती असेल, याचा जो सर्वांत अचूक अंदाज करील त्याला ती बक्षीस मिळणार होती.

तयारी विचारपूर्वक केली होती. गाडीला गंजरोधक लेप दिला, प्लॅस्टिकचे आवरण गुंडाळले. २००७ साली पेट्रोलवर चालणाऱ्या मोटारी कदाचित नसतीलच, म्हणून पेट्रोल आणि ऑईलही सोबत ठेवले. ते दिवस शीतयुद्धाचे होते. हे तळघर अणुबाँबच्या हल्ल्यातही टिकेल, असे सांगितले जात होते. गाडी पुरल्यानंतर चारच महिन्यांनी रशियाचा स्पुटनिक अवकाशात गेला. ज्या काळाला भविष्याची इतकी ओढ आणि इतकी धास्ती होती, त्या काळाची ही ठेव.

उभे इंजिन काय करते?

चालणारे यंत्र झिजते, हे आपल्याला सहज पटते. उभे असलेले यंत्र मात्र ‘विश्रांती घेत आहे’ असे आपण धरून चालतो. इथेच आपली फसगत होते. इंजिन थांबले तरी त्याच्यातल्या रासायनिक क्रिया थांबत नाहीत.

बंद इंजिन बाहेरून हवाबंद दिसते, पण तसे ते नसते. इंजिन कोणत्याही स्थितीत थांबले तरी साधारणपणे कुठल्या ना कुठल्या सिलिंडरचा एखादा व्हॉल्व्ह उघडा राहतोच. त्या वाटेने बाहेरची दमट हवा आत येते. रात्री धातू थंड झाला की तिच्यातली वाफ थेंबांच्या रूपाने सिलिंडरच्या भिंतीवर जमते. इंजिन चालू असताना या भिंतीवर ऑईलचा पातळ थर असतो. वर्षानुवर्षे उभ्या इंजिनात तो ओघळून खाली जातो. मग पाणी, प्राणवायू आणि उघडे लोखंड यांची गाठ पडते. तयार होणारा गंज मूळ लोखंडाहून कितीतरी जास्त, दोन ते सहा पट, जागा व्यापतो. पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर यांच्यामधली फट केसाएवढीही नसते. त्या फटीत गंज फुगला की रिंगा भिंतीला चिकटतात. मेकॅनिकच्या भाषेत इंजिन ‘जाम’ होते.

पाणी केवळ हवेतूनच येते असे नाही. एक लिटर पेट्रोल जळले की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होते! इंजिन चांगले तापले तर त्याची वाफ धुराड्यातून निघून जाते. न तापताच बंद केले तर थोडे पाणी ऑईलमध्ये उतरते. ज्वलनातून आलेली आम्ले त्यात मिसळतात आणि बेअरिंगांचे पृष्ठभाग पोखरू लागतात. म्हणूनच उभी गाडी आठवड्यातून दोन मिनिटे सुरू करून बंद करणे फारसे उपयोगाचे नसते, उलट त्याने हानीच होऊ शकते. २०२०च्या टाळेबंदीत महिनोन्महिने गाड्या उभ्या राहिल्या, तेव्हा हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या दारात आला होता.

पेट्रोलही बिघडते. त्यातले हलके घटक आधी उडून जातात. इंजिन पेट घेते ते मुख्यतः याच घटकांवर. उरलेल्यांपैकी द्विबंध असलेल्या हायड्रोकार्बनांचा हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन डिंकासारखा चिकट पदार्थ तयार होतो. कार्ब्युरेटरची सुईच्या टोकाएवढी छिद्रे त्याने बुजतात. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला आणखी एक खोड असते. इथेनॉल हवेतले पाणी शोषून घेते. ते प्रमाणाबाहेर गेले की पाणी आणि इथेनॉल वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसतात.

शिवाय इंजिनात अनेक धातू एकमेकांना चिकटून असतात. ॲल्युमिनियम आणि पोलाद यांच्यामध्ये खारे पाणी शिरले तर तिथे एक छोटा विद्युतघटच तयार होतो आणि त्यात ॲल्युमिनियम खाल्ले जाते. समुद्रकाठच्या वाळूत पुरलेल्या गाडीचे काय होत असेल, याची यावरून कल्पना येईल.

जाम इंजिन सोडवताना

असे इंजिन हाती आले की बहुतेकांचा पहिला मोह म्हणजे बॅटरी लावून स्टार्टर मारणे. जाणकार मेकॅनिक नेमके हेच टाळतो. स्टार्टरचे छोटे दातेरी चाक मोठ्या फ्लायव्हीलला फिरवते, त्यामुळे त्याचा जोर दहापटीहून अधिक वाढतो. पिस्टन चिकटलेला असताना हा जोर लागला तर रिंगा तुटतात, क्वचित कनेक्टिंग रॉडही वाकतो.

त्याऐवजी आधी सर्व प्लग काढतात. त्या भोकांतून पातळ, भेदक तेल सिलिंडरांत सोडतात आणि वाट पाहतात. एक दिवस नाही, कित्येक दिवस, कधी कित्येक आठवडे. केशाकर्षणाने तेल रिंगांच्या फटीत उतरते. मग क्रँकशाफ्टच्या टोकाला लांब पाना लावून हाताने थोडे पुढे, थोडे मागे असा जोर देतात. केसभर हालचाल झाली तरी पुरे. पुन्हा तेल, पुन्हा वाट पाहणे. हाताला कळते ते स्टार्टरला कळत नाही, कारण अडथळा लागला की हात थांबतो.

प्लग काढण्यामागे भौतिकशास्त्रही आहे. द्रव जवळजवळ दाबला जात नाही. पिस्टनच्या वर तेल साठलेले असताना प्लग लावून इंजिन फिरवले तर पिस्टन त्या तेलावर आदळतो आणि तेल जागा देत नाही. मग रॉडच वाकतो.

इंजिन मोकळे फिरू लागल्यावर जुने ऑईल काढून चेंबर साफ करायचे, पेट्रोलची टाकी आणि नळ्या धुवायच्या, कार्ब्युरेटर उघडायचा, व्हॉल्व्ह अडकले आहेत का ते पाहायचे. नंतर ठिणगी न देताच इंजिन फिरवून बेअरिंगांपर्यंत ऑईलचा दाब पोचवायचा. ठिणगी आणि पेट्रोल ही सर्वांत शेवटची पायरी. गंज खूप खोलवर गेला असेल तर यातले काहीच पुरत नाही. सगळे इंजिन सुटे करून एकेक भाग तपासावा लागतो.

१९६९ आणि २००७

बॅब्जचा शोध घेतला एका शिक्षकाने. ओवेन विन ओवेन हे वेल्समधल्या बँगर येथील तंत्रमहाविद्यालयात अध्यापक होते. गाडी पुरली ती जागा तोपर्यंत लष्करी तळाच्या हद्दीत गेली होती. परवानगी मिळवून १९६९ साली, बेचाळीस वर्षांनंतर, त्यांनी बॅब्ज वाळूतून उकरून काढली. बाहेरचे पत्रे गंजून गेले होते. तरी यंत्राचे बरेच भाग दुरुस्त करण्याजोगे होते. पुढची सुमारे पंधरा वर्षे ते या कामात होते. जे वाचवता आले ते वाचवले, उरलेले नव्याने घडवले. आणि सत्तावीस लिटरचे ते इंजिन पुन्हा सुरू झाले. बॅब्ज त्यानंतर अनेकदा लोकांसमोर चालवली गेली आहे.

या उत्खननाला इतिहासाच्या दृष्टीनेही महत्त्व होते. चाकाला फिरवणारी साखळी तुटून टॉमस मारला गेला, असे वर्षानुवर्षे मानले जात होते. आधी मागचे उजवे चाक निकामी झाले असावे, असेही मत पुढे मांडले गेले. गाडी वाळूतच राहिली असती, तर हा वाद केवळ जुन्या बातम्यांच्या आधारे घालावा लागला असता.

टल्साचे तळघर ठरल्याप्रमाणे जून २००७ मध्ये उघडले. आत काही फूट पाणी साचले होते. गाडीवर गंजाचा आणि चिखलाचा जाड थर होता, मागच्या बाजूचा सांगाडा आणि स्प्रिंगा खाऊन गेल्या होत्या. इंजिन सुरू करण्याचा सोहळा योजला होता, तो अर्थातच झाला नाही. बक्षीस जिंकणारे गृहस्थ १९७९ सालीच वारले होते, त्यामुळे गाडी त्यांच्या नातेवाइकांकडे गेली. प्लिमथ हा मोटारींचा शिक्काही २००१ मध्ये बंद झाला होता! मात्र गाडीबरोबर पोलादाची एक सीलबंद नळी पुरली होती. तिच्यातला अमेरिकेचा ४८ ताऱ्यांचा ध्वज कोरडा आणि चांगल्या स्थितीत निघाला.

फरक कुठे पडला?

शेवटची ही गोष्ट बोलकी आहे. एकाच तळघरात, एकाच पाण्यात, पोलादाच्या नळीतले कापड टिकले आणि पोलादाची गाडी टिकली नाही. प्रश्न भिंतीच्या जाडीचा नव्हता, पाणी आत येण्याचा होता. तळघर बांधणाऱ्यांनी बाँबचा विचार केला. पण काँक्रीटला तडे जातात, सांध्यांतून पाणी झिरपते आणि जमिनीखालची खोली हा शेवटी एक हौदच असतो, याचा बंदोबस्त पुरेसा झाला नाही.

यामागचे विज्ञान तेव्हा अज्ञात नव्हते. ब्रिटनमध्ये व्हर्नन या शास्त्रज्ञाने १९३०च्या दशकात दाखवून दिले होते, की हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ६० टक्क्यांच्या खाली असेल तर लोखंड फार सावकाश गंजते आणि ती मर्यादा ओलांडली की गंजण्याचा वेग एकदम वाढतो. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी नौदलाने राखीव ठेवलेल्या जहाजांच्या आतली हवा यंत्रांनी कोरडी ठेवली, ती याच तत्त्वावर. पण अशी यंत्रे चालवायला वीज लागते आणि लक्ष ठेवायला माणूस लागतो. टल्साच्या तळघरात पन्नास वर्षे माणूस जाणारच नव्हता. मुंबई-कोकणात पावसाळ्यात आर्द्रता ८० टक्क्यांच्याही वर असते. प्रयोगशाळेच्या कुलूपबंद कपाटातल्या चिमटे-स्टँडांचे जूननंतर काय होते, हे विज्ञानशिक्षकांना वेगळे सांगायला नको.

दुसरा फरक जाडीचा. समजा, गंजाने प्रत्येक बाजूने अर्धा मिलिमीटर लोखंड खाल्ले. एक मिलिमीटर जाडीचा पत्रा पूर्ण नाहीसा होईल. पन्नास मिलिमीटर व्यासाच्या दांड्याचा व्यास मात्र एकोणपन्नास मिलिमीटर उरेल. बॅब्जचे पत्रे गेले आणि जाडजूड भाग हाती लागले, ते काही नशिबाने नव्हे.

तिसरा फरक रचनेचा. लिबर्टी इंजिनाचे बाराही सिलिंडर सुटे होते, एकेक वेगळा काढता येई. शिवाय ही इंजिने वीस हजारांवर बनली होती. त्यांचे नमुने शिल्लक होते आणि रचना सर्वांना ठाऊक होती. सुटे करता येणारे आणि समजणारे यंत्र पुन्हा उभे करता येते.

चौथा फरक माणसांचा, आणि माझ्या मते हाच निर्णायक. टल्साच्या लोकांनी काळजी एकदाच, १९५७ साली, घेतली आणि झाकण लावले. ओवेन यांनी ती पंधरा वर्षे घेतली. बॅब्जला वाळूने वाचवले नाही, वाळूने तिची नासाडीच केली होती. तिला वाचवले लेथवर, भट्टीपाशी आणि मोजपट्टी हातात घेऊन काम करता येणाऱ्या माणसांनी.

इथे एक प्रामाणिक शंका उरतेच. इतके भाग नवे घातल्यावर ती ‘तीच’ बॅब्ज म्हणायची का? संग्रहालयांत यावर खरोखर मतभेद असतात. इंजिन सुरू करायचे तर गंज खरवडावा लागतो, भाग बदलावे लागतात आणि त्याबरोबर काही पुरावा कायमचा पुसला जातो. त्या अर्थाने टल्साची गंजकी गाडी अधिक अस्सल दस्तऐवज आहे. तिच्यावरची पाण्याची रेषसुद्धा इतिहास सांगते. २०१७ पासून ती इलिनॉयमधल्या एका मोटार-संग्रहालयात आहे. बॅब्ज मात्र वेगळे काहीतरी सांगते. पॅरी टॉमसने ऐकला तो आवाज कसा होता, ते इंजिन सुरू करायला काय काय करावे लागे, हे कोणतीही गंजकी वस्तू सांगू शकत नाही. दोन्हींची गरज आहे. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी प्रत्येक भागाचे छायाचित्र आणि मोजमाप घ्यायचे, काढलेला भाग फेकायचा नाही, हा शहाणपणाचा नियम.

वर्गात करण्यासारखे

१. तीन सारख्या बरण्यांत घासून स्वच्छ केलेले, वजन केलेले खिळे ठेवा. एकीत सिलिका जेलच्या पुड्या, दुसरीत ओला कापूस, तिसरीत मिठाच्या पाण्यात भिजवलेला कापूस. झाकणे घट्ट लावा. दर आठवड्याला निरीक्षणे नोंदवा. याचबरोबर एका बरणीत ऑईल लावलेला आणि न लावलेला असे दोन खिळे ठेवून तुलना करा.

२. गंजलेला पाना किंवा बोल्ट विद्युत अपघटनाने साफ करता येतो. प्लॅस्टिकच्या बादलीत पाणी घेऊन त्यात धुण्याचा सोडा विरघळवा, लिटरला एक मोठा चमचा. गंजलेली वस्तू १२ व्होल्टच्या बॅटरीच्या ऋण टोकाला आणि साध्या लोखंडाची पट्टी धन टोकाला जोडा. दोन्ही एकमेकांना टेकू देऊ नका. काही तासांत गंज सैल होऊन ब्रशने निघतो. या प्रयोगात हायड्रोजन निघतो, म्हणून तो उघड्यावर, शिक्षकांच्या देखरेखीखाली आणि ज्योतीपासून दूर करावा. धन टोकाला स्टेनलेस स्टील वापरू नये, त्यातून क्रोमियमची विषारी संयुगे पाण्यात उतरू शकतात. मीठही टाकू नये, त्यातून क्लोरीन वायू निघतो.

३. गावातल्या गॅरेजमध्ये मुलांना घेऊन जा. बरीच वर्षे उभ्या असलेल्या गाडीला हात लावताना मेकॅनिक सर्वांत आधी काय करतो आणि का करतो, हे त्याच्याकडून ऐकून लिहून घ्या. हे ज्ञान क्वचितच पुस्तकात असते.

टल्साच्या लोकांनी हौस सोडलेली नाही. १९९८ साली त्यांनी ‘प्लिमथ प्राउलर’ ही दुसरी मोटार पन्नास वर्षांसाठी बंद केली. या वेळी जमिनीखाली नव्हे, जमिनीच्या वर बांधलेल्या खोलीत. ती २०४८ मध्ये उघडायची आहे. आज आठवीत असलेली मुले तोपर्यंत पस्तिशीच्या आगेमागे पोचलेली असतील. त्या गाडीचे इंजिन कोणत्या स्थितीत असेल, कोणते भाग आधी खराब झाले असतील आणि ते सुरू करायचे कसब तेव्हा कुणाच्या हातात असेल? याचा अंदाज आजच वहीत तारीख घालून लिहून ठेवायला हरकत नाही.